आधी गादी मोजा, मग चादर घ्या

आजचा विषय ऐकून कुणी हसेल, पण ज्यांच्या घरी येत्या महिन्यात भारतातून आईबाबा येणार आहेत, ते हसणार नाहीत. विषय आहे पलंगावरच्या चादरींचा. कोणती घ्यायची, किती मापाची, पाकिटावरच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि बॅगेत घालून आणलेल्या सोलापुरी चादरीचं इथल्या पलंगावर काय करायचं.

सुरुवात आमच्याच घरापासून करते. सासूबाई पहिल्यांदा ॲन आर्बरला आल्या तेव्हा येताना हौसेने दोन डबल चादरी घेऊन आल्या होत्या. सुती, फुलाफुलांच्या, सुंदर. पाहुण्यांच्या खोलीतल्या क्वीन पलंगावर त्यांनी स्वतः अंथरल्या, चारी बाजूंनी नीट खोचल्या. सकाळी पाहतो तर चादर पायथ्याशी गोळा झालेली आणि सासूबाई रात्रभर गादीच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या आवरणावर. "तुमच्या गाद्याच मेल्या निसरड्या," म्हणाल्या. गादी निसरडी होती हे खरं, पण दोष होता गणिताचा. ते गणित आज आपण करू. कागद-पेन्सिल घ्या.

भारतातल्या घरात सहा फूट बाय साडेसहा फुटांचा पलंग असतो, म्हणजे 72 बाय 78 इंच. त्यावर कापसाची गादी, जाडी धरा 4 इंच. डबल चादर सर्वसाधारणपणे 90 बाय 100 इंचांची मिळते. गादीच्या दोन्ही बाजू झाकायला 4 आणि 4 असे 8 इंच लागतात. रुंदीत 72 अधिक 8 म्हणजे 80. चादर 90 ची, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच इंच खाली खोचायला उरतात. लांबीत 78 अधिक 8 म्हणजे 86, आणि चादर 100 ची. सात-सात इंच उरतात. चादर जागची हलत नाही.

आता तीच चादर इथल्या क्वीन गादीवर घाला. क्वीन म्हणजे 60 बाय 80 इंच. रुंदी आपल्या पलंगापेक्षा कमीच आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण गादीची जाडी? इथे 10 ते 14 इंच ही अगदी नेहमीची गोष्ट. 12 धरू. रुंदीत 60 अधिक 24 म्हणजे 84. उरले सहा, दोन्हीकडे तीन-तीन इंच खोचायला. लांबीत 80 अधिक 24 म्हणजे 104, आणि चादर 100 ची! म्हणजे खोचणं तर राहिलंच, ती गादीच्या तळापर्यंतसुद्धा पोचत नाही. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे गादीची जाडी पाहून अंथरूण आणावं लागतं.

म्हणून भारतातून कुणी चादर आणणार असेल तर "डबल आण" एवढंच सांगू नका, माप सांगा. 108 बाय 108 इंचांची चादर मिळते. ती क्वीनवर रुंदीत बारा-बारा इंच खोचता येते, लांबीत दोन्हीकडे दोन-दोन इंच उरतात. लांबीत ती जेमतेमच आहे, म्हणून उशाकडे भरपूर खोचा आणि पायथ्याशी नुसती सोडा. किंग गादी 76 बाय 80 ची असते. तिथे हीच चादर रुंदीतही चार-चार इंचांवर येते, तेव्हा किंगसाठी भारतातून चादर आणण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं मत. आणि या सगळ्या हिशेबातून चादर आकसेल ते वजा करा. सुती कापड ड्रायरमध्ये तीन ते पाच टक्के सहज आकसतं. 100 इंचांवर पाच टक्के म्हणजे पाच इंच गेले.

उशीच्या अभ्र्यांचीही तीच गत. भारतीय अभ्रा 17 बाय 27 किंवा 18 बाय 28 इंचांच्या आसपास. इथली साधी उशी 20 बाय 26, क्वीन उशी 20 बाय 30, किंग उशी 20 बाय 36. आपला अभ्रा इथल्या उशीवर ओढूनताणून चढवला की उशी पोत्यासारखी टणक होते. सेटबरोबर आलेले अभ्रे कुशनला वापरा किंवा लहान मुलांच्या उशांना.

इथली बाकीची मापंही सांगून टाकते, कारण दुकानात ऐन वेळी आठवत नाहीत. ट्विन 38 बाय 75. लांब ट्विन, ज्याला इथे ट्विन एक्सएल म्हणतात, ती 38 बाय 80. फुल 54 बाय 75. क्वीन आणि किंग सांगून झाली. कॅलिफोर्निया किंग 72 बाय 84, म्हणजे किंगपेक्षा अरुंद आणि लांब. नावात किंग आहे म्हणून किंगची चादर त्यावर बसत नाही. लांब ट्विनकडे जरा लक्ष द्या. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या वसतिगृहांत लांब ट्विन गाद्या असतात, आणि ऑगस्टच्या शेवटी मुलाला सोडायला आलेले कितीतरी आईवडील घाईत साधी ट्विन चादर उचलतात. पाच इंच कमी पडणारी फिटेड चादर रोज रात्री एका कोपऱ्यातून सुटते. विद्यापीठाच्या हाउसिंगच्या पानावर गादीचं माप दिलेलं असतं, ते पाहूनच घ्या. आणि मुलगा वसतिगृहातून बाहेर पडला की त्या चादरी टाकू नका. दोन लांब ट्विन गाद्या शेजारी ठेवल्या की 38 अधिक 38 म्हणजे 76 बाय 80, बरोबर एक किंग. आईबाबांसाठी डोक्याकडून वर-खाली होणारा पलंग घेतलात, तर किंग मापात तो बहुतेक वेळा अशाच दोन गाद्यांचा असतो. तेव्हा त्या चादरी कामाला येतात.

फिटेड चादर घेताना पाकिटावर आणखी एक आकडा शोधा, पॉकेटची खोली. म्हणजे ती किती जाड गादीला पुरेल. 12 इंच, 15 इंच, 18 इंच असं लिहिलेलं असतं. गादीवर फोमचा टॉपर घातला असेल तर तो धरून मोजा. बारा इंचांच्या गादीला अगदी बाराचं पॉकेट घेऊ नका, पहिल्या धुण्यात ते साडेअकरा होतं. उलट दहा इंचांच्या गादीला अठराचं घेतलंत तर चादर ढगळ होऊन अंगाखाली सुरकुत्या पडतात. म्हाताऱ्या माणसांच्या पाठीला त्या सुरकुत्या टोचतात. इलास्टिक फक्त चार कोपऱ्यांत आहे की चहूबाजूंनी, तेही पाहा. चहूबाजूंचं घ्या.

माप झालं. आता त्या मोठ्या आकड्याकडे येऊ, ज्याच्यापायी आपण सगळ्यात जास्त फसतो. थ्रेड काउंट.

थ्रेड काउंट म्हणजे एक चौरस इंच कापडात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत तो आकडा. ताणा अधिक बाणा. ताण्याचे 100 आणि बाण्याचे 100 असतील तर काउंट 200. यात न कळण्यासारखं काही नाही. पण एका इंचात धागे मावणार तरी किती? सूत कितीही तलम काढलं तरी साधारण चारशेच्या पुढे गर्दी होते. मग पाकिटावर 1000 कुठून येतात? पिळातून. दोन-तीन बारीक धागे एकत्र पिळून एक धागा करतात आणि मोजताना त्या एकाचे दोन किंवा तीन धरतात. 250 धाग्यांच्या कापडात प्रत्येक धागा चौपदरी असेल तर झाले 1000! कापड 250 चंच. उलट असं कापड बहुतेक वेळा जाड, जड आणि हवा न खेळणारं होतं. पिळलेला धागा कितीही पदरी असो, तो एकच मोजायचा, असं अमेरिकेतल्या वस्त्रोद्योगाच्या चाचणीचं प्रमाण सांगतं. 2005 मध्ये फेडरल ट्रेड कमिशननेही वस्त्रोद्योगाच्या संघटनेला उत्तर देताना म्हटलं होतं की असे फुगवलेले आकडे ग्राहकाची दिशाभूल करू शकतात. तरी दुकानात आकडे फुगतच राहिले, कारण आपण आकडा पाहून घेतो.

माझं साधं धोरण असं. एकपदरी धाग्याची, 200 ते 400 मधली चादर. त्याच्या वर पैसे घालवायचेच असतील तर कापसाच्या जातीवर घालवा.

आणि एक आकडा तर काउंटसुद्धा नसतो. स्वस्त चादरींवर ठळक अक्षरांत "1800 सिरीज" किंवा "1800 कलेक्शन" असं छापलेलं दिसतं. 1800 धागे एका इंचात? ते नुसतं नाव आहे, कंपनीने दिलेलं. आत बहुतेक वेळा मायक्रोफायबर असतं, म्हणजे पॉलिएस्टर. मायक्रोफायबर वाईटच असतं असं मी म्हणत नाही. लवकर सुकतं, चुरगळत नाही, स्वस्त पडतं, लहान मुलाच्या पलंगाला सोयीचं. पण सुती समजून पॉलिएस्टर घेऊ नका.

ते ओळखायचं कसं? पाकिटाच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला किंवा शिवणीतल्या चिठ्ठीवर कायदा असतो. अमेरिकेत 1958 च्या कायद्यानुसार घरगुती कापडाच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी द्याव्याच लागतात. कोणता धागा किती टक्के, कोणत्या देशात बनलं, आणि बनवणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं नाव अथवा त्याचा नोंदणी क्रमांक. पुढे "कॉटन रिच", "कॉटन टच", "कॉटन फील" असं काहीही असो, मागे "100 टक्के कॉटन" आहे का ते वाचा. 60 टक्के कॉटन आणि 40 टक्के पॉलिएस्टर असेल तर तसं लिहिलेलं असतंच. बांबूच्या चादरींचंही तेच. बांबूपासून लगदा करून, रसायनांत विरघळवून जो धागा काढतात तो रेयॉन किंवा व्हिस्कोस. त्याला नुसतं बांबू म्हणता येत नाही, आणि तसं म्हणून विकल्याबद्दल फेडरल ट्रेड कमिशनने मोठमोठ्या दुकानांवर कारवाई केलेली आहे. स्पर्शाला ते कापड छान थंड लागतं. घ्यायचं तर घ्या, पण लाकडाच्या लगद्याच्या रेयॉनपेक्षा ते काही निराळं पवित्र आहे असं समजून नको.

इजिप्शियन कॉटनची गोष्ट तर आपल्या अगदी जवळची आहे. 2016 च्या ऑगस्टमध्ये टारगेटने वेलस्पन इंडियाशी व्यवहार तोडला. वेलस्पनचं मुख्यालय मुंबईत, कारखाने गुजरातेत अंजार आणि वापीला, आणि जगातल्या मोठ्या चादर-टॉवेल उत्पादकांत तिची गणना. इजिप्शियन कॉटन म्हणून विकल्या गेलेल्या जवळजवळ साडेसात लाख चादरी आणि अभ्र्यांत दुसराच कापूस वापरला गेल्याचं टारगेटने जाहीर केलं आणि गिऱ्हाइकांना पैसे परत दिले. एवढ्या मोठ्या दुकानाला दोन वर्षं कळलं नाही, तर तुम्हाआम्हाला हात लावून काय कळणार? कापसाचं मोल त्याच्या तंतूच्या लांबीत असतं. लांब तंतूचं सूत तलम आणि मजबूत होतं, त्याची टोकं कमी, म्हणून चादरीवर बोळे कमी येतात. अमेरिकेतला नेहमीचा अपलँड कापूस सव्वा इंचाच्या आतला. सव्वा इंच ओलांडून दीडच्या जवळ गेला, म्हणजे 1.375 इंच किंवा त्याहून जास्त, की त्याला अतिलांब तंतूचा म्हणतात. पिमा त्यातला, इजिप्तच्या काही जाती त्यातल्या, आपल्या तामिळनाडूतली सुविन त्यातली. पण इजिप्तमध्ये पिकलेला सगळाच कापूस अतिलांब नसतो. त्यामुळे नुसत्या "इजिप्शियन" शब्दाला जास्त पैसे देऊ नका.

मग हात लावून काही कळत नाही का? विण कळते, आणि झोपेच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. सुती चादरींत दोन विणी मुख्य. पर्केल म्हणजे एक धागा वर, एक खाली, आपली साधी विण. हाताला कोरी, कडक, थंड लागते, धुतलेल्या मलमलीची आठवण व्हावी अशी. तिच्यातून हवा खेळते. दुसरी सतीन. तिच्यात धागा तीन-चार धाग्यांवरून जाऊन मग एकाखाली शिरतो, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत, किंचित चमकदार, आणि कापड अंगाला लपेटून राहतं. ऊब धरतं. पण ते लांब मोकळे धागे लवकर घासतात, अंगठीत किंवा बांगडीत अडकतात. सॅटिन म्हणून मिळणारी चकचकीत चादर निराळी, ती बहुतेक वेळा पॉलिएस्टरची. पुणे-मुंबईतून आलेल्या माणसाला पर्केल ओळखीची वाटते, हा माझा अनुभव. घाम येणाऱ्यांना, रात्री अंगातून वाफा निघतात अशी तक्रार असणाऱ्या पन्नाशीच्या बायकांना, पर्केलच द्या.

हे झालं उन्हाळ्याचं. ॲन आर्बरच्या हिवाळ्याला फ्लॅनेल. पिंजून केसाळ केलेलं सुती कापड, तिच्यावर पहिल्यांदा पाठ टेकली तरी गार लागत नाही. जानेवारीत इथे रात्रीचं तापमान शून्याखाली सात-आठ अंश सेल्सियसला सहज जातं, आणि जुन्या भाड्याच्या घरांत खिडकीशेजारचा पलंग थंडच असतो. फ्लॅनेलला थ्रेड काउंट नसतो, वजन असतं. एका चौरस यार्डाला 5 औंस, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 170 ग्रॅम, असेल तर ते दोन-तीन हिवाळे चांगलं टिकतं. पहिल्या दोन धुण्यांत ड्रायरच्या जाळीत लोकरीसारखा पुंजका निघेल, घाबरू नका. जाळी मात्र प्रत्येक वेळी साफ करा.

फ्लीसची चादर फ्लॅनेलसारखीच दिसते, पण ती पॉलिएस्टरची. घरातली फर्नेस रात्रंदिवस चालू, हवा कोरडी ठाक, अशा वेळी फ्लीसवर कूस बदलली की ठिणग्या उडतात. अंधारात निळ्या दिसतात. भारतातून आलेली माणसं याला बिचकतात. एका काकांनी आम्हाला गंभीरपणे विचारलं होतं की पलंगाला करंट येतोय का. सुती चादर, सुती पांघरूण आणि खोलीत थोडी ओल राहील अशी सोय केली की हे बरंचसं थांबतं.

पांघरुणाचा विषय निघालाच आहे. इथल्या पलंगावर थर असतात आणि त्यांची नावं गोंधळात टाकतात. खाली फिटेड चादर. तिच्यावर फ्लॅट चादर, जी आपण बहुतेक घरांत खाली अंथरतो किंवा कपाटात ठेवून देतो. ती खरं तर अंगावर घ्यायची असते, पांघरुणाखाली, म्हणजे पांघरूण मळत नाही आणि आठवड्याला फक्त चादर धुवावी लागते. कम्फर्टर म्हणजे शिवलेली जाड रजई, तिला वेगळी खोळ नसते. डुव्हे म्हणजे नुसती दुलई आणि तिला खोळ. आपल्या आजीच्या घरी गादीला, रजईला खोळ असायची ना, तीच कल्पना. खोळ काढून धुता येते, म्हणून ज्यांच्या घरी पलंगावर चहा होतो त्यांना मी डुव्हे सुचवते. दुलई आणि खोळ एकाच दुकानातून घ्या. कॅन्टनच्या आयकियात फुल-क्वीनची खोळ 86 बाय 86 इंचांची, दुसरीकडे क्वीनची दुलई 90 इंचांपर्यंत असते. मोठी दुलई लहान खोळीत कोंबली की आत गोळे होतात. आणि बेडस्प्रेड म्हणजे आपला पलंगपोस, जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबणारा. फक्त गादीची बाजू झाकेल इतकाच लोंबतो त्याला कव्हरलेट म्हणतात.

आणि आता सोलापुरी चादर.

मंडळी, आपल्यापैकी किती जणांच्या क्लोजेटमध्ये एक तरी सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली आहे? आईने दिली म्हणून आणली, इथल्या पलंगावर शोभत नाही म्हणून ठेवली. तिचंही गणित करून पाहू. एकेरी सोलापुरी चादर साधारण 60 बाय 90 इंचांची. क्वीन गादीवर उभी अंथरली तर 60 ची रुंदी 60 ला, बाजूंना एक इंचही लोंबत नाही, आणि म्हणून ती तोकडी, बिचारी दिसते. तीच आडवी घाला. 90 इंच रुंदीकडे गेले, म्हणजे दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा इंच लोंबतात, बारा इंचांची गादी पूर्ण झाकून वर तीन इंच. लांबीकडे 60 इंच, गादी 80 ची. उरतात 20 इंच, आणि उशीची उंची तितकीच, 20 इंच. पायथ्यापासून उशीपर्यंत पलंगपोस तयार. आमच्या पाहुण्यांच्या खोलीत गेली काही वर्षं हीच रचना आहे, आणि अमेरिकन मित्रमैत्रिणी हमखास विचारतात की ही कुठे मिळते.

सोलापुरात मोठ्या कापड गिरण्या आल्या त्या 1877 पासून, पण हातमागाचं काम त्याआधीपासूनचं, आणि त्यात तेलंगणातून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांचा वाटा फार मोठा. घरात तेलुगू, बाजारात मराठी, मागावर चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली महाराष्ट्रातली पहिली वस्तू हीच सोलापुरी चादर. पण आज सोलापुरात टॉवेलचा धंदा चादरीपेक्षा पुढे गेला आहे, आणि सोलापुरी या नावाने दुसरीकडे विणलेला स्वस्त माल बाजारात भरपूर आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर किंवा ऑनलाइन "सोलापुरी" म्हणून मिळणारी प्रत्येक चादर सोलापूरची नसते.

ओळख काय? जकार्डच्या मागावर विणलेल्या चादरीतली नक्षी छापलेली नसते, धाग्यांतूनच उठते. चादर उलटी करा. तोच मोर किंवा तीच वेलबुट्टी मागेही स्वच्छ दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली, पुढे मरून जमिनीवर पांढरी तर मागे पांढऱ्या जमिनीवर मरून. मागची बाजू फिकट, धूसर, नक्षी नुसती पाझरल्यासारखी दिसली तर ती छपाई. मग वजन पाहा. खरी चादर हातात घेतली की भार जाणवतो. हलकी आणि तुकतुकीत असेल तर धाग्यात पॉलिएस्टर मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. काठाशी विणलेलं उत्पादकाचं नाव वाचा, कापडावर मागाहून चिकटवलेल्या कागदाला फार किंमत देऊ नका. सोलापूरला कुणी नातेवाईक असेल तर उत्पादकाच्या दुकानातूनच घ्यायला सांगा. दोन पैसे जास्त पडतील, पण ते मागावर बसलेल्या माणसाच्या जवळपास तरी पोचतील.

वजनाचाच तोटाही आहे. 23 किलोच्या बॅगेत दोन चादरी म्हणजे लोणच्याच्या बरण्या कमी. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकच सांगा.

इथे ती धुताना पहिली दोन-तीन धुणी थंड पाण्यात, एकटी. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून बघा, रंग लागतो का. मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण मीठ उपयोगी पडतं ते कापड रंगवताना. रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग ते धरून ठेवत नाही. ड्रायरचा ताप कमी ठेवा आणि किंचित ओली असतानाच काढून कठड्यावर पसरा. बाल्कनीत कपडे वाळत घालायला तुमच्या अपार्टमेंटची बंदी असेल तर आतल्या खोलीत. फर्नेसच्या कोरड्या हवेत ती रात्रभरात वाळते, आणि हवेला जराशी ओलही मिळते.

पाण्याबद्दल एक गोष्ट. ॲन आर्बर शहराचं पाणी मुख्यतः ह्यूरॉन नदीचं, थोडं विहिरींचं, आणि शुद्धीकरण केंद्रात चुना वापरून त्याचा कठीणपणा कमी केलेला असतो. पण आसपासच्या टाउनशिपमध्ये घर घेतलेल्यांपैकी अनेकांकडे स्वतःच्या विहिरीचं पाणी आहे. ते कठीण असतं आणि त्यात लोह असू शकतं. पांढऱ्या चादरी पिवळट-तांबूस व्हायला लागल्या की आपण क्लोरीनचं ब्लीच ओततो, आणि त्याने लोहाचे डाग उलट पक्के होतात. अशा पाण्यात ऑक्सिजन ब्लीच वापरा, किंवा सरळ पांढऱ्या चादरींचा सोस सोडा.

किती घ्यायच्या? एका पलंगाला दोन सुती सेट आणि एक फ्लॅनेल. पाहुण्यांच्या पलंगाला दोन. तीन-चार सेटचा ढीग ठेवण्यात अर्थ नाही, त्यातला एक वरचा तेवढा झिजतो. घाई नसेल तर जानेवारीत घ्या. जानेवारीत चादरी स्वस्त करण्याची इथली रीत जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकर यांनी 1878 च्या जानेवारीत, मंदीच्या दिवसांत, पांढऱ्या कापडांचा सेल सुरू केला, आणि "व्हाइट सेल" हे नाव अजून टिकून आहे. आता त्यात सगळ्या रंगांच्या चादरी असतात. ऑगस्टच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या गर्दीत जाऊन पूर्ण भावात घेण्यापेक्षा ते बरं. एक सेट आणा, धुवा, ड्रायरमधून काढा, गादीवर घालून आठवडाभर झोपा. जमलं तर दुसरा. पावती आणि मागची चिठ्ठी तोवर जपून ठेवा.

विटलेल्या सुती चादरी कचऱ्यात टाकू नका. ह्यूमेन सोसायटी ऑफ ह्यूरॉन व्हॅलीसारख्या प्राण्यांच्या निवाऱ्यांना जुन्या चादरी-टॉवेल लागतात, आधी त्यांची यादी पाहून मग न्या. आणि आई किंवा सासूबाई हिवाळ्यात इथे अडकल्या असतील, बाहेर बर्फ, मुलं ऑफिसात, दिवस खायला उठतो, तर त्यांच्या हातात मऊ झालेल्या चार जुन्या पर्केल चादरी, सुई आणि जाड दोरा द्या. आमच्या सासूबाईंनी गेल्या फेब्रुवारीत त्या निसरून गोळा झालेल्या दोन फुलाफुलांच्या चादरींची गोधडी शिवली. नातीच्या ट्विन पलंगाच्या मापाची. शिवायला बसण्याआधी त्यांनी टेप मागून घेतली होती.